विनयचा आकडा बरोबर होता

विनयच्या मुलाचा, निनादचा फोन आला तेव्हा मी एनिस गावातल्या औषधांच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढच्या आजीबाई काउंटरवरच्या मुलीला आपल्या गुडघ्याची हकीकत सांगत होत्या आणि कोणालाच घाई नव्हती. "काका, डॅड इज गॉन," निनाद म्हणाला. मग, इंग्रजीतलं मला कळलं नसेल असं वाटून की काय, त्याने मराठीत पुन्हा सांगितलं, "बाबा गेले." सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, लिमरिकच्या हॉस्पिटलात नेलं, आणि तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात... मी "येतो, लगेच येतो" म्हणालो आणि रांग सोडून गाडीत येऊन बसलो. जवळचा माणूस गेल्यावर पहिल्यांदा काय वाटतं याबद्दल आपण सगळेच थोडं खोटं बोलतो. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आता विनय विचारणार नाही, हा विचार आधी आला. रडू त्यानंतर आलं, पण त्यानंतरच आलं. हा क्रम मला गेले कित्येक आठवडे बसू देत नाही. मी खुर्चीवर बसतो, उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. हे लिहितानाही तसंच चाललं आहे, तेव्हा लिखाण थोडं इकडेतिकडे झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

विनय कोण, हे तुम्हा वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. तो नागपूरचा, मी पुण्याचा. वयाने तो माझ्याहून बराच लहान, पण आयर्लंडमध्ये माझ्या आधी आलेला. चाळिशी उलटल्यावर मी लिमरिकजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आलो. तिथे वैद्यकीय उपकरणं बनत असत आणि कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या विभागात विनय आधीपासून होता. नव्या माणसाचं आडनाव मराठी आहे एवढं कळल्यावर तो आपण होऊन शॅननच्या विमानतळावर मला घ्यायला आला. हातात पाटी नाही, काही नाही. मला लांबून बघून म्हणाला, "दादाच ना तुम्ही? चेहऱ्यावर पुणं लिहिलंय." दुसऱ्या दिवसापासून अहो-जाहो गळून पडलं. दादा मात्र राहिलं. इथे गाडीशिवाय पान हलत नाही, आणि मी आयुष्यभर स्कूटर चालवलेली. क्लेअर परगण्यातल्या गवताळ, एकाच गाडीपुरत्या रस्त्यांवर त्याने मला गाडी शिकवली. समोरून कोणी आलं की इथला चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तोच नमस्कार. मी घाबरून दोन्ही हातांनी चाक धरून बसायचो. "बोट उचल ना दादा," विनय ओरडायचा, "नाही तर लोक म्हणतील, डब्लिनवरून आलाय शिष्ट!"

कामात त्याची एक पद्धत होती. कोणताही आकडा टाइप करताना तो मोठ्याने म्हणायचा, एकेक अंक सुटा करून, जसं आपण कोणाला फोन नंबर सांगतो तसं. मग कीबोर्डवरून हात काढायचा, तळवे पँटला पुसायचा, पडद्यावर लिहिलेलं परत वाचायचा आणि मगच एन्टर दाबायचा. आमचा साहेब डेक्लन त्याला हसायचा, पण कठीण काम आलं की त्यालाच बोलवायचा. मी नेमका उलटा. माझा हात भराभर चालायचा आणि तोंड त्याहून भराभर. इथल्या मराठी मंडळात नाटकं बसवणारा, सूत्रसंचालन करणारा, किस्से सांगणारा तो मीच. विनय स्टेजच्या मागे तारा जोडायचा. आमची जोडी लोकांना आवडायची. मलाही आवडायची, कारण त्या जोडीत मी पुढे असायचो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी थोडं यंत्रांबद्दल सांगावं लागेल. फार नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक उपकरणाची चाचणी व्हायची आणि तिच्या नोंदी एका ठिकाणी साठवल्या जायच्या. ते ठिकाण म्हणजे एकच मोठं यंत्र नव्हतं. एका मांडणीत एकावर एक ठेवलेली अनेक यंत्रं होती आणि ती एकमेकांशी बोलत सगळी माहिती वाटून सांभाळायची. एक बंद पडलं तरी बाकीची ओझं उचलतात. अशा समूहाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड. नवा नोड आला की त्याला नेटवर्कच्या चार गोष्टी सांगाव्या लागतात : तुझा पत्ता काय, तुझी आळी कुठपर्यंत, बाहेर जायचं दार कोणतं, आणि एका वेळी केवढं पुडकं पाठवायचं. हे पुडकं साधारणपणे पंधराशेचं असतं. आमच्या क्लस्टरमध्ये कामाचा वेग वाढावा म्हणून ते नऊ हजारांचं ठेवायचं असं ठरलेलं होतं. पण नोडला नऊ हजार सांगून भागत नाही. सगळ्या नोडांच्या तारा ज्या खोक्यांमध्ये येतात, त्या स्विचनाही प्रत्येक नव्या नोडच्या तारेसाठी तेवढं मोठं पुडकं आत घ्यायला सांगावं लागतं. एक स्विच बिघडला तर अडू नये म्हणून आमच्याकडे दोन होते. नोडचं काम विनयचं, दोन्ही स्विचचं माझं. इतकंच.

तो शुक्रवार होता, दुपारची वेळ. मंडळाच्या एकांकिकेचा प्रयोग तोंडावर आला होता आणि मला तालमीला पोचायचं होतं. विनय यंत्रांच्या थंडगार खोलीत नव्या नोडसमोर स्टुलावर बसून अंक म्हणत होता आणि मी पलीकडच्या टेबलावरून स्विचचं काम करत होतो. पहिला स्विच झाला. तेवढ्यात हॉलवाल्याचा फोन आला, किल्ली कोणाकडे द्यायची म्हणून. मी बोलत बोलत बाहेर गेलो, आत आलो, खुर्चीवरचं जॅकेट उचललं आणि म्हणालो, "झालं माझं." दुसऱ्या स्विचला मी हात लावला नव्हता. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की झालं आहे. हे बचाव म्हणून सांगत नाही, कारण पुढचं ऐकल्यावर बचावाला जागाच राहत नाही.

विनय म्हणाला, "दादा, एकदा मोठं पुडकं पाठवून पाहतो ना. जातंय का दोन्हीकडून ते कळेल." ही चाचणी तो नेहमी करायचा. दोन मिनिटांचं काम असतं. मी दारात उभा होतो. "अरे मी सांगतोय ना झालं म्हणून! माझ्यावर विश्वास नाही का? चल, तुला वाटेत सोडतो, लाइटवाला तूच आहेस." तो क्षणभर पडद्याकडे बघत राहिला. धाकट्या माणसाने थोरल्याचा शब्द तपासून घ्यायचा म्हणजे अविश्वास दाखवायचा, हे आपल्या हाडात किती मुरलेलं असतं! डेक्लन माझ्या जागी असता तर विनयने चाचणी केली असती आणि डेक्लनला त्यात काही वावगं वाटलं नसतं. "बरं, दादा," असं म्हणून तो उठला. साधी, लहान विचारपूस नोड करत होता आणि त्याला उत्तरंही मिळत होती. वरवर पाहता सगळं ठीक होतं.

सोमवारी सकाळी नोड कामाला लागला आणि क्लस्टर गुदमरलं. लहान निरोप पोचत होते, मोठं पुडकं दुसऱ्या स्विचपाशी गेलं की गायब. नोड पूर्ण बंद पडला असता तर बाकीच्यांनी त्याला वगळून काम चालू ठेवलं असतं, पण तो लहान आवाजात "मी आहे, मी आहे" म्हणत राहिला आणि बाकीचे त्याची वाट बघत थांबले. नोंद होत नाही म्हटल्यावर उपकरण पुढे सरकेना, आणि कारखान्याची लाइन थांबली. डेक्लन आमच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीमागे आणखी कोणी कोणी. मी म्हणालो, "विनय, तुझ्याकडचं पंधराशे कर." त्याने केलं, आणि सगळं वाहू लागलं.

आणि त्याच क्षणी मला कळलं. पंधराशेवर चालतंय याचा अर्थच तो, की एक स्विच अजून पंधराशेवरच आहे. ज्याला या कामाची थोडी माहिती आहे त्याला हे कळायला वेळ लागत नाही. डेक्लन या कामातला नव्हता. त्याने विचारलं, "मग तो नऊ हजारचाच घोळ होता तर?" विनयने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तसंच दिसतंय." एवढंच... हे दोन शब्द मी बोललो. "ग्रँड, ग्रँड," असं म्हणत डेक्लनने विनयच्या खांद्यावर थोपटलं. इथे लोक 'ठीक आहे' अशा अर्थी ग्रँड म्हणतात, पण ते बहुतेक वेळा ठीक नसतं, हे आम्हा दोघांनाही तोवर कळू लागलं होतं. अहवाल मी लिहिला. 'नोडवरील पुडक्याचा आकार नेटवर्कशी जुळत नव्हता', असं वाक्य मी घातलं, आणि ते वाक्य खरं होतं. त्याच आठवड्यात कोणाचं लक्ष नसताना मी दुसरा स्विच नीट केला.

विनयला त्या कामावरून हळूहळू बाजूला केलं गेलं. कोणी रागावलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त पुढच्या नोडच्या वेळी त्याला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. आमच्या गटाचा प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा लोकांच्या डोक्यात आधी विनयचं नाव होतं, हे मला माहीत होतं. नेमणूक माझी झाली. पुढे तो दुसऱ्या एका कारखान्यात गेला. तिथे यंत्रांना हात न लावता ती कशी वापरायची याच्या सूचना लिहायचं काम त्याला मिळालं. निवृत्तीची वाट बघत तो तेच करत राहिला.

इथवरची चूक करून एखादा गप्प बसला असता, तर ती दोन माणसांतली गोष्ट राहिली असती. मी गप्प बसलो नाही. त्याच वर्षी मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध वाटून झाल्यावर लोक म्हणाले, दादा, काहीतरी सांगा. आणि मी सांगितलं. "आमच्या विनयला यंत्राने विचारलं, बाबा रे, एका घासाला किती घेऊ? हा नागपूरचा माणूस, हात सैल! म्हणाला, घे नऊ हजार! आता समोरच्याचा घसा पंधराशेचा. घास अडकला, यंत्राला उचकी लागली, यंत्राची उचकी कारखान्याला लागली, आणि डेक्लन धावतोय पाण्याचा पेला घेऊन, अरे कोणीतरी याची पाठ थोपटा!" मी डेक्लनची चाल करून दाखवली, यंत्राची उचकी काढून दाखवली. लोक पोट धरून हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "पंचहजारी ऐकले होते, हा नऊहजारी सरदार!" झालं. त्या दिवसापासून विनयचं नाव नऊहजारी पडलं.

हा किस्सा मी का सांगितला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वाटतं, एखादी गोष्ट हसण्यावारी गेली की ती कोणी तपासत नाही, हे माझ्यातल्या नाटकवाल्याला बरोबर माहीत होतं. पण कदाचित तेवढंही नसेल. किस्सा चांगला होता, आणि मला चांगला किस्सा टाकवत नाही. मी तो पुढे अनेकदा सांगितला, दरवेळी थोडा वाढवून. मंडळाच्या दिवाळी अंकात विनोदी लेख म्हणून छापला. अंक नागपूरला विनयच्या थोरल्या बहिणीकडे पोचला आणि तिने फोन करून त्याला विचारलं, "काय रे, तिकडे कारखाने बंद पाडून राहिला का तू?" जेवणाच्या पंगतीत कोणीतरी म्हणायचं, "नऊहजारींना वाढताना जपून हं, घास अडकेल!" विनय हसायचा. तो हसतो म्हणजे त्याला चालतं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं.

त्याने एकदाच विचारलं. आम्ही एनिसहून लिमरिकला परत येत होतो, तो गाडी चालवत होता. एका राउंडअबाउटला थांबल्यावर समोर बघतच तो म्हणाला, "दादा, तेव्हा तू दोन्ही स्विचवर केलं होतं ना?" मधे बराच काळ गेला होता. काय विचारतोय हे न कळल्याचं सोंग मला करता आलं असतं, पण तेवढंही मी केलं नाही. मी म्हणालो, "दोन्हीकडे. विनय, किती दिवस धरून बसणार आहेस ते?" मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. "नाही रे, आपलं विचारलं," तो म्हणाला आणि गाडी पुढे काढली. घर येईपर्यंत तो त्याच्या बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होता.

मी 'दोन्हीकडे' म्हणालो म्हणून त्याने माझ्या बाजूला चूक शोधायचं थांबवलं. यात माझ्या मनाला शांत करील अशी कोणतीही बाजू नाही. दादाकडचं झालं होतं असं दादाच म्हणतो आहे, म्हणजे चूक उरली ती विनयकडे. पण त्याच्याकडे काय चुकलं हे त्याला सापडत नव्हतं, कारण तिथे काहीच नव्हतं. मग त्याने स्वतःच्या हातांवरच भरवसा ठेवणं सोडलं. दुकानात कार्डाचा पिन सुनेत्रा टाकायची. सुनेत्रा म्हणजे त्याची बायको. फोन नंबर निनाद लावून द्यायचा, तोही लहान असल्यापासून. सरकारी अर्जातल्या चौकटी भरताना विनय वाचून दाखवायचा आणि दुसरं कोणीतरी लिहायचं. आम्ही म्हणायचो, स्वभाव विसरभोळा होत चाललाय. माझी बायको शैला म्हणायची, "काय लाडावून ठेवलंय सुनेत्राने त्यांना!" मी ऐकत असायचो...

अंत्यसंस्काराला आयरिश शेजारी आले, रांगेने हात मिळवून गेले. तो दिवस कसाबसा निभावला. त्यानंतर मंडळाने नेहमीच्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. लोक चांगलं बोलले. निनाद उठला. तो इथेच वाढलेला. मराठी त्याला समजते, पण बोलणं इंग्रजीतून, तेही लिमरिकच्या सुरात. बाबांची आठवण म्हणून त्याने काय निवडावं? त्याने नऊहजारीचा किस्सा निवडला. अगदी प्रेमाने. आपले वडील किती साधे, चुकणारे आणि स्वतःवर हसू शकणारे होते, हे त्याला सांगायचं होतं. ओल्या डोळ्यांनी लोक हसू लागले. पण घासाची गंमत इंग्रजीत येईना, तो अडखळला, माझ्याकडे वळून म्हणाला, "काका टेल्स इट बेटर. काका, प्लीज?"

मी उठलो. उठून मी सांगू शकलो असतो, तिथेच, सगळ्यांसमोर. पन्नासएक चेहरे माझ्याकडे वळलेले, हसायला तयार. आणि मी सांगितलं... घास, घसा, उचकी, डेक्लन, पाण्याचा पेला. आवाज कुठे खाली घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं जागच्या जागी आलं. समोर विनयच्या फोटोला हार होता. लोक हसले आणि रडले. बाहेर गाड्यांपाशी एक जण माझा हात धरून म्हणाला, "दादा, आमचा नऊहजारी गेला, पण तुमच्या गोष्टीत तो राहील बघा." त्या वाक्यापासून मला चैन नाही. तो म्हणाला ते खरं होतं. विनय माझ्या गोष्टीतच राहणार होता. त्याची बहीण, त्याचा मुलगा, उद्या त्याची नातवंडं त्याला त्या गोष्टीवरून ओळखणार होती, आणि गोष्ट खोटी होती.

त्यानंतर काही आठवडे मी त्यांच्या घरावरून गाडी नेत राहिलो. वळणाशी जायचो आणि पुढे निघून जायचो. मागच्या शनिवारी दुपारी थांबलो. सुनेत्रा आणि निनाद दोघंही घरी होती. शेजाऱ्यांनी पाठवलेली सांत्वनाची कार्डं खिडकीत ओळीने उभी होती. सुनेत्राने चहा टाकला, भिंतीवरच्या प्रेसमधून कप काढले. इथे राहून आम्ही सगळेच कपाटाला प्रेस म्हणायला लागलोय. मी चहा संपेपर्यंत थांबलो. मग सांगितलं. सुरुवातीपासून, स्विच, हॉलची किल्ली, तसंच दिसतंय, दुसऱ्या स्विचची गुपचूप दुरुस्ती, राउंडअबाउट. किस्से सांगणारा माणूस मी, पण हे मला नीट सांगता येईना. मधलं आधी आलं, आधीचं राहून गेलं. निनादने दोनदा थांबवून विचारलं, मग त्याला कळलं.

"सो द नंबर वॉज राइट?" तो म्हणाला.

"हो. बरोबर होता. नऊ हजारच टाकायचे होते."

"अँड ही आस्क्ड यू."

"हो."

तो उठून मागच्या दारातून बागेत गेला. दार त्याने आपटलं नाही. काचेतून दिसत होतं, कुंपणाशी उभा राहून तो शेजारच्या कुत्र्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "सुनेत्रा, मला काही बोल." ती म्हणाली, "मी काय बोलणार दादा? मी तर त्यांना खूप बोललेय. हे घर घेताना बँकेत ते अर्ज हातात धरून बसले होते, पेन टेकवेनात. त्या माणसासमोर मी म्हटलं, 'नऊहजारी, इथे तरी नीट टाका.' हसून म्हटलं हो मी. त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून सगळे मीच भरते. ते मी आता कसं मागे घेऊ, सांगा ना. तुम्ही तुमचं येऊन सांगितलंत. माझं मी कोणाला सांगू?"

मी चुकलो, मला माफ कर, असलं काहीतरी मी पुटपुटलो. तिने हात हलवला, माशी वारावी तसा.

"तुम्ही तो किस्सा सुरू केलात की ते काय करायचे, माहितीये तुम्हाला?"

"हसायचा."

"तुमचं लक्ष लोकांकडे. तुम्ही 'आमच्या विनयला यंत्राने विचारलं' म्हटलंत की ते उठायचे आणि कप गोळा करायला लागायचे. भरलेलेसुद्धा उचलायचे कधी कधी. मग स्वयंपाकघरात जाऊन विसळत उभे राहायचे. हसण्याचा आवाज थांबला की बाहेर यायचे. बायका म्हणायच्या, सुनेत्रा, तुझा नवरा किती मदत करतो गं. मलाही वाटायचं, मदतच करतायत. घरात पाहुणे नसले तरी आताशा चहा झाला की तेच उठायचे. मला हातच लावू द्यायचे नाहीत."

मला आठवेना. एवढ्या वेळा सांगितलेला किस्सा, एवढ्या घरांतून, हॉलमधून, आणि त्या वेळी विनय कुठे होता हे मला एकदाही आठवेना. माझ्या डोळ्यांसमोर तो नेहमी पुढच्या रांगेत बसून हसत होता. ती जागा मी त्याला दिली होती.

"लिहा," सुनेत्रा म्हणाली. "मला एकटीला सांगून जाऊ नका. किस्सा लिहिला होतात ना? छापला होतात? मग हेही लिहा, नावासकट. नागपूरला ताईंना वाचता येईल असं लिहा. निनादला मी वाचून दाखवीन. आणि त्यात मला बरं वाटलं वगैरे लिहू नका."

म्हणून हे लिहिलं. ताई, तुमच्या भावाने कारखाना बंद पाडला नाही. त्याने टाकलेला आकडा बरोबर होता, त्याला जी चाचणी करायची होती ती बरोबर होती, आणि त्याला शंका आली तीही बरोबर होती. मंडळातल्या सगळ्यांना सांगतो, तो किस्सा यापुढे कोणी सांगू नये. फार हसवणारा आहे, तरीही.

त्या दुपारी निघायची वेळ झाली. निनाद अजून बाहेरच होता. टेबलावर आमचे तीन कप पडले होते, तळाशी चहा सुकत चाललेला. एरवी एव्हाना कोणीतरी ते उचलले असते. सुनेत्राही त्यांच्याकडेच बघत होती. काहीतरी करायचं म्हणून मी उठलो, माझा कप घेतला, निनादचा घेतला, तिच्या कपाकडे हात नेला.

"ठेवा, दादा," ती म्हणाली. "ते त्यांचं काम होतं."

मी कप होते तिथेच ठेवले आणि बाहेर आलो.